सांदण दरी: पाऊस दिसत नाही, पाणी येतं

अहिल्यानगर जिल्ह्यातलं साम्रद गाव मागे पडलं की थोड्याच वेळात समोरची जमीन चिरलेली दिसते. ही सांदण दरी. दोन्ही बाजूंना शे-दोनशे फुटी ताशीव कडे, तळाला दगडधोंड्यांची वाट, काही ठिकाणी जेमतेम चार-पाच फूट रुंद.

हा कातळ बसाल्टचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचला, निवताना आकसला आणि त्याला उभे तडे गेले. अशा तड्यात पावसाचं पाणी शिरतं आणि सोबतच्या गोट्यांनी तळ खरवडत राहतं. तळ खोल जातो, भिंती उभ्याच राहतात. त्या बघण्यासाठी तंगडतोड करावी, हे माझं प्रामाणिक मत.

भर हिवाळ्यातही वाटेतल्या डोहात कमरेएवढं पाणी लागतं, तेही गारठलेलं, कारण तळाशी ऊन जेमतेम पोहोचतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. ओल्या कपड्यांत सावलीला बसून राहिलं की बोटं आखडतात, आणि पुढचे टप्पे तर दोरावरून उतरायचे असतात. वरून दगड येतात ते वेगळंच. बऱ्याचदा ते पाडणारी वानरं असतात, म्हणून हेल्मेट हवंच.

पण खरी भीती लोंढ्याची. उघड्या माळावर पसरलं असतं ते पाणी इथे चिंचोळ्या फटीत कोंडतं, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही वाढतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यात दरीतून आभाळाची पट्टीच तेवढी दिसते, ढग कुठे फुटलाय ते कळत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, अँटेलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 जण बुडाले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर.

सांदणमध्ये चालताना कड्यांच्या खाचांकडे बघा. डोक्याच्याही वर वाळका पालापाचोळा, काटक्या अडकलेल्या दिसल्या, तर लोंढा तिथवर चढून गेलाय. पावसाळ्यात दरीत उतरूच नये. एरवीही साम्रदच्या माणसांना विचारून निघावं आणि डोहाचं पाणी गढूळलं तर तिथूनच मागे वळावं. दरीतून थेट कोकणात उतरून जाणार असाल तर मागे वळायचं की नाही हे पहिल्या दोराआधीच ठरवायला हवं, कारण उतरल्यावर दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट उरत नाही.