काट्यावरचा आकडा आणि पट्ट्यातला ताण

उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून देणाऱ्या आम्हा लोकांचं अर्धं काम बँडसॉवर चालतं, म्हणजे वर-खाली दोन व्हीलांवर दातेरी पोलादी पट्टा फिरवणाऱ्या करवतीवर. मशीनच्या वरच्या व्हीलमागे स्प्रिंग असते, तिच्याशेजारी पट्टी आणि त्यावर सरकणारा काटा. पट्टीवर 6, 12, 20, 25 असे आकडे. 12 मिमीचा पट्टा चढवला की काटा 12 वर आणायचा आणि ताण बसला म्हणायचं. मीही बरीच वर्षं तेच केलं.

एकदा सागवानाचा दीडशे मिमी जाड ठोकळा उभा चिरायचा होता. 14 इंची मशीनवर 25 मिमीचा नवा पट्टा, काटा बरोबर 25 वर. वरून बघितलं तर रेघ सरळ, ठोकळा उघडला तर मधे पोट सुटलेलं, चांगलं तीन मिमी. पोरगा म्हणाला, "मालक, आवळा की अजून." आवळायला जागाच नव्हती. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले होते.

तेव्हा कळलं, काटा पट्ट्याबद्दल काही सांगतच नाही. तो फक्त स्प्रिंग किती दबली ते दाखवतो. स्प्रिंग दबली म्हणजे व्हीलवर जोर आला, आणि तो जोर पट्ट्याच्या वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या अशा दोन बाजूंत निम्मा-निम्मा वाटला जातो. पट्ट्याला खरा कळतो तो दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार. साध्या कार्बन स्टीलच्या पट्ट्याला तो साधारण 10 ते 14 किलो लागतो, बायमेटलला, म्हणजे दातांना वेगळं कडक स्टील जोडलेल्या पट्ट्याला, 17 ते 21.

हिशेब सोपा आहे. पट्ट्याची रुंदी पाठीपासून दाताच्या खाचेपर्यंतच धरायची, कारण दात ताण वाहत नाहीत. 12 मिमीच्या पट्ट्यात अशी 10 मिमी भरली आणि जाडी 0.6 असली तर छेद 6 चौरस मिमी. 10 किलोच्या हिशेबाने एका बाजूला 60 किलो, म्हणजे व्हीलवर 120. आता 25 मिमीचा, 0.9 जाडीचा पट्टा घ्या. खाचेपर्यंत 21 मिमी धरली तर छेद जवळपास 19, आणि व्हीलवर 380 किलो. माझी स्प्रिंग एवढा जोर द्यायची नव्हतीच. पट्टीवर 25 चा आकडा कशाला छापला, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

बरं, रुंदी तीच ठेवली तरी जाडी बदलते. त्याच 12 वर, त्याच 120 किलोंत, 0.5 जाडीच्या पट्ट्याला 12 किलोचा ताण बसतो आणि 0.9 च्या पट्ट्याला पावणेसातचाही नाही. काटा मात्र जागचा हलत नाही. त्यात स्प्रिंग जुनी होऊन मऊ पडली असेल तर तोही हिशेब गेला.

मग खरा ताण मोजायचा कसा? वर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या जबड्यांच्या कॅलिपरने. आधी मशीनचा प्लग काढा. पट्टा नुसता सरळ उभा राहील इतकाच आवळा. डिजिटल वर्नियर 125 मिमी उघडून त्याचे दोन्ही जबडे छोट्या क्लॅम्पनी पट्ट्याच्या सपाट अंगाला घट्ट पकडा. वर्नियरचा लॉक स्क्रू सैलच हवा. शून्य करा आणि हँडल फिरवत जा. स्टील ताणलं की लांबतं: 125 मिमीत 0.06 मिमी वाढ म्हणजे दर चौरस मिमीला 10 किलो. 0.12 म्हणजे 20. एकेक शतांश मिमी म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणून घाई नको. सैल करून दोन-तीनदा मोजा. वर्नियर काढल्याशिवाय व्हीलला हात लावू नका. त्या पट्ट्याचा आकडा बसला की काटा कुठे उभा आहे तिथे मार्करने खूण करा. पुढे काटा वापरायचा तो या खुणेसाठी.

बोटाने पट्टा दाबून बघण्याची सवय आमच्याकडे घरोघरी आहे. पण पट्ट्याला कापाच्या वर आधार देणारा गाईड उचलला की मोकळी लांबी वाढते आणि तोच पट्टा तेवढ्याच ताणात जास्त वाकतो. रोज एकाच मशीनवर, गाईड एकाच उंचीवर ठेवून दाबणाऱ्या मिस्त्रीच्या बोटाला कळतं. दुसऱ्याच्या मशीनवर तेच बोट फसतं.

शेजारच्या वर्कशॉपात लोखंडी बार कापायचा आडवा बँडसॉ आहे. तिथे स्प्रिंगऐवजी हायड्रॉलिक, काट्याऐवजी प्रेशर गेज. गोष्ट तीच. गेज सिलिंडरमधलं तेल किती दाबलंय ते सांगतो. 27 मिमीचा पट्टा काढून दुसऱ्या जाडीचा घातला की जुना आकडा निकामी.

पोट सुटलं म्हणजे ताणच कमी, असंही नाही. दात बोथट असले किंवा लाकूड रेटून ढकललं तरी तेच होतं. माझा पट्टा नवा होता, म्हणून संशय थेट ताणावर गेला. तो ठोकळा शेवटी मी 12 मिमीच्या, कमी दातांच्या पट्ट्यावर सावकाश चिरला.