सारिन, फवारणीचं औषध आणि पहिले पाच तास

मे २०२५ मध्ये देशभर सायरनचे मॉक ड्रिल झाले तेव्हा सोलापुरातल्या आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, विषारी गॅसचा हल्ला झाला तर कापूर-लवंगेची पुरचुंडी हुंगा, काही होत नाही. वास छान येईल, बाकी उपयोग शून्य.

खरा उतारा तर आपल्याकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं वापरतायत. शेतात मारतात ते क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आणि हल्ल्यात वापरला जाणारा सारिन हा विषारी गॅस, दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट, एकाच घराण्यातले, फक्त सारिन कैक पटींनी जहाल. फवारताना औषध लागलेला माणूस ॲडमिट होतो ना, तीच लक्षणं.

होतं काय, तर नसेकडून स्नायूला निरोप जातो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. सारिन या एन्झाइमच्या ऐन कामाच्या जागी, तिथल्या सेरीन नावाच्या घटकावर, जाऊन घट्ट बसतं. मग ॲसिटिलकोलिन साठत जातं, लाळ, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छाती घरघरते, शेवटी श्वासाचे स्नायूच बंद पडतात. उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं की लाळ-कफ आटतो, पण ते स्नायूंना सोडवत नाही. त्यासाठी पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्झिम, ते सारिनच्या फॉस्फरसला धरून त्याला सेरीनपासून ओढून काढतं. (कीटकनाशकाच्या केसमध्ये पॅमचा किती फायदा यावर डॉक्टरांत वाद आहेत, ते असो.) अडचण अशी की चिकटलेल्या सारिनचा एक तुकडा हळूहळू गळून पडतो, आणि एकदा तो गळला की बंध पक्का, मग पॅम कितीही द्या, ते एन्झाइम गेलं ते गेलंच. सारिनमध्ये अंदाजे पाच तासांत निम्मी एन्झाइम अशी हातची जातात. सोमान नावाच्या भावंडाला दोन-चार मिनिटं पुरतात.

आता नकाशा बघा. एनडीआरएफची, म्हणजे आपत्तीत धावून येणाऱ्या केंद्राच्या दलाची, पाचवी बटालियन तळेगावजवळ, म्हणजे पुण्याच्याही पलीकडे. निरोप मिळून, गाड्या निघून, सोलापुरात पोचेपर्यंत ते पाच तास जवळपास संपलेले. म्हणजे इथल्या गड्डा यात्रेच्या गर्दीत असं काही झालं तर सुरुवातीची सगळी लढाई गावातल्याच डॉक्टरांची.

टोकियोत २० मार्च १९९५ ला मेट्रोत सारिन सोडलं तेव्हा पाच हजारांवर लोक दवाखान्यांत धावले, बरेचसे स्वतःच चालत नाहीतर टॅक्सीने, कपडे तेच. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात त्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेनेच शंभरेक कर्मचाऱ्यांना त्रास झाला. आधीच्या वर्षी जपानातल्याच मात्सुमोतो शहरात सारिनचेच पेशंट तपासलेल्या डॉक्टरने टीव्हीवर लक्षणं ओळखून फोन केला, तेव्हा कुठे निदानाला दिशा मिळाली. आपल्याकडे बाहुल्या बघून ओळखणारे डॉक्टर भरपूर आहेत. कमी पडेल ते गेटबाहेर पाण्याचा पाइप, साबण, आडोसा आणि बदलायला कपडे, कारण कपडे काढले की बरंचसं विष तिथंच उतरतं. ड्रिलमध्ये सायरन किती लांब ऐकू गेला याच्या बातम्या आल्या, या पाइपबद्दल कुणी विचारलेलं काय माझ्या वाचनात आलं नाही बुवा.