कॉम्पॅक्ट सबस्टेशन मागवताय? ड्रॉइंग हातात येईपर्यंत फाउंडेशन ओतू नका

"फाउंडेशन तयारच आहे, तुम्ही फक्त माल कधी पाठवता ते सांगा." ऑर्डर देतानाच हे वाक्य कानावर आलं की आम्हाला काळजी वाटते. तुमच्या साइटचं ड्रॉइंग आम्ही तेव्हा काढलेलंच नसतं. मग हे फाउंडेशन कशावरून झालं? बहुतेक वेळा शेजारच्या कारखान्यातल्या सीएसएसला (कॉम्पॅक्ट सबस्टेशनला) टेप लावून, नाहीतर कॉन्ट्रॅक्टरने पूर्वी एखाद्या उघड्या ट्रान्सफॉर्मरसाठी बांधलेल्या प्लिंथच्या (काँक्रीटच्या चौथऱ्याच्या) आठवणीतून. भोसरी, चाकण, रांजणगाव भागात आमच्या कामांना जो उशीर झाला, त्यातला सर्वात जास्त या एका गोष्टीमुळे झाला. म्हणून हे पत्रक.

सीएसएसमध्ये एचटी (उच्च दाबाचं) स्विचगिअर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी यंत्रणा, ट्रान्सफॉर्मर आणि एलटी (कमी दाबाचं) पॅनल एकाच लोखंडी कवचात, तीन वेगळ्या कप्प्यांत असतात, हे तुम्ही जाणताच. आतली सगळी जोडणी आमच्या वर्कशॉपमध्ये होते. जुन्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मर उघड्यावर, त्याभोवती निदान १.८ मीटर उंचीचं कुंपण, एचटीची खोली वेगळी, एलटीची वेगळी आणि प्रत्येकाचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा. त्यात जून उजाडला की केबलचं टर्मिनेशन (टोकाची जोडणी) ओल्या हवेत, ताडपत्री धरून करावं लागतं. ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला २२ केव्हीच्या बाजूने पूर्ण लोडला साधारण १६.५ अँपिअर लागतात, पण ४३३ व्होल्टच्या बाजूला तेच ८४० अँपिअर होतात. हे ८४० अँपिअर यार्डातून खोलीपर्यंत केबलच्या अनेक रनमधून न्यायचे, की शेजारच्या कप्प्यात आखूड बसबारने (धातूच्या पट्टीने), एवढा साधा हा हिशोब आहे. सांधे कमी, तापणं कमी.

आता फाउंडेशन. उघड्या ट्रान्सफॉर्मरचा प्लिंथ भरीव असतो: मुरूम भरा, वर काँक्रीट ओता, चाकांसाठी चॅनल बसवा, झालं. सीएसएसचा प्लिंथ आतून पोकळ हवा. एचटी आणि एलटी, दोन्ही केबल खालून वर येतात आणि त्यांना वळायला जागा लागते. एचटी केबल किती आवळून वळवायची याला मर्यादा आहे. वळणाची त्रिज्या केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या १२ ते १५ पट ठेवावी लागते, नेमका आकडा केबल कंपनी देते. तुमची केबल ७० मिमी व्यासाची असेल, तर १५ पटीने १,०५० मिमी झाले. म्हणजे आत जवळपास मीटरभर मोकळी जागा पाहिजे. भरीव प्लिंथवर ती मिळत नाही. मग कोणीतरी जोर लावून केबल वाकवतो, आतल्या इन्सुलेशनवर ताण येतो आणि फॉल्ट येतो तो लगेच नाही, काही महिन्यांनी, उत्पादन ऐन भरात असताना.

दुसरी चूक बाजूची. महावितरणची लाइन कुठून येते आणि तुमचा मेन पॅनल शेडच्या कोणत्या टोकाला आहे, त्यावर एचटीचा कप्पा कुठे आणि एलटीचा कुठे हे ठरतं. शेजाऱ्याकडे एचटी डावीकडे असेल, तुमच्याकडे उजवीकडे लागेल. चाकणजवळच्या एका साइटवर आमचा ट्रेलर सकाळी पोचला, हायड्रा (क्रेन) उभी होती, आणि प्लिंथमधली केबलची तोंडं बरोबर उलट्या बाजूला निघाली. लांबी-रुंदी मात्र तंतोतंत होती! दिवसभर हायड्राचं भाडं चढलं, युनिट ताडपत्रीखाली बाजूला उतरवावं लागलं, आणि ब्रेकर लावून काँक्रीट फोडायला आणि नवं पिकायला तीन आठवडे गेले. सीएसएस घेऊन वाचवलेले दिवस तिथेच संपले. त्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे आणि तो मोडत नाही: तुमच्या सहीचं ड्रॉइंग आणि टेप धरून काढलेले प्लिंथचे फोटो आल्याशिवाय गाडी निघत नाही. काही ग्राहकांना हा अविश्वास वाटतो. "एवढे पैसे दिले, वर फोटो कसले मागता?" असंही ऐकून घेतलं आहे. पण फोटो पाहून चूक सापडली तर ती गवंड्याच्या अर्ध्या दिवसात सुटते, ट्रेलर दारात उभा असताना नाही. प्लिंथची मापं, चॅनलची जागा, तेलाचा खड्डा, केबलची तोंडं हे सगळं त्या एका ड्रॉइंगमध्ये असतं. ड्रॉइंगचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

जागा निवडताना युनिटपुरतीच मोजू नका. दारं बाहेर उघडतात आणि किमान ९० अंशांपर्यंत उघडून अडकवता आली पाहिजेत. कंपाउंडची भिंत अंगाला खेटून असली, तर दार अर्धंच उघडतं आणि आत काम करणारा माणूस अडचणीत येतो. हवा खेळण्यासाठी असलेल्या जाळीच्या झडपांसमोर पॅलेट, भंगार, जुने ड्रम रचू नका. कवचाचा क्लास, उदाहरणार्थ क्लास १०, हे सांगतो की उघड्यावर ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा आत ठेवलेल्याचं तापणं जास्तीत जास्त १० अंशांनी वाढेल. ही हमी झडपा मोकळ्या असतील तरच खरी. प्लिंथ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, विशेषतः काळ्या मातीत, कारण पावसाळ्यात ट्रेंचमधून पाणी थेट केबल चेंबरमध्ये शिरतं. केबल ओढून झाल्यावर उरलेली भोकं नीट बुजवून घ्या. उंदीर आणि साप तिथूनच येतात.

"फॅक्टरीत बनलेलं आहे, म्हणजे इन्स्पेक्शन लागणार नाही ना?" लागतं. चार्ज करण्याआधी (वीज सोडण्याआधी) नियमानुसार विद्युत सुरक्षेची तपासणी आणि मंजुरी, लायसनधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, महावितरणचं मीटरिंग क्युबिकल आणि त्याचं सील, यातलं काहीच टळत नाही. अर्थ पिटही (अर्थिंगचे खड्डे) साइटवरच होतात. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंगच्या जोडण्या द्याव्या लागतात. आम्ही जातीने करतो ते वर्कशॉपमधलं टेस्टिंग. २२ केव्हीच्या युनिटमध्ये एचटी स्विचगिअरवर ५० केव्ही, ११ केव्हीच्या युनिटमध्ये २८ केव्ही, एक मिनिट लावून इन्सुलेशन टिकतं का ते बघतो. तुमचा इलेक्ट्रिशियन पाठवा, तो समोर उभा राहून बघू दे. आम्हाला ते आवडतं.

आणि जिथे सीएसएस योग्य नाही तिथे आम्ही तसं सांगतो. तुमच्याकडे चांगली बांधलेली सबस्टेशनची खोली रिकामी असेल, तर कवचाचा खर्च का करायचा? येत्या दोन-तीन वर्षांत लोड दुप्पट होणार असेल, तर तेही आधी बोला. कवच ट्रान्सफॉर्मरच्या मापाचं असतं, नंतर मोठा ट्रान्सफॉर्मर त्यात मावत नाही. जागा अपुरी, काम लवकर हवं आणि पावसाळा तोंडावर, अशा ठिकाणी मात्र मी निःशंकपणे सीएसएसच सुचवेन.

फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा: मंजूर लोडचं पत्र, लाइनचं व्होल्टेज, प्लॉटचा साधा नकाशा आणि गेटपासून जागेपर्यंतच्या रस्त्याचा व्हिडिओ. रस्त्यावरून जाणाऱ्या तारा त्यात दिसू द्या, कारण हायड्राचा बूम वर जातो तेव्हा त्याच आडव्या येतात. आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने खड्डा खणायला सुरुवात केली असेल, तर आज खणू दे, काँक्रीट मात्र थांबवायला सांगा. आमचा माणूस येऊन माप घेईल.