पान्ह्याला लागतो निर्धास्तपणा : ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल मातांचे स्तनपान

आईच्या स्तनांत दूध तयार होणे आणि ते बाळाच्या तोंडी पडणे या दोन वेगवेगळ्या क्रिया असून त्यांची सूत्रे दोन वेगवेगळ्या संप्रेरकांच्या हाती असतात. बाळ चोखू लागले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवते आणि त्यामुळे पुढच्या वेळचे दूध तयार होते; त्याच वेळी रक्तात उतरणारे ऑक्सिटोसिन दुधाच्या इवल्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचित करते आणि पान्हा फुटतो. यांतली पहिली क्रिया बरीच चिवट आहे, दुसरी मात्र आईच्या मनःस्थितीशी घट्ट बांधलेली आहे. धास्तीने पान्हा आटतो हे जुन्या बायकांना ठाऊक होतेच. १९४८ साली अमेरिकेत मायकेल न्यूटन आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने ते मोजून दाखवले. त्यांनी एका आईला बाळाला पाजताना कधी पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायला लावले, कधी तिच्या पायाचे अंगठे ओढून दुखवले, कधी बेरजा घालून चुकीच्या उत्तराला विजेचा धक्का दिला, आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधी व पाजल्यानंतर बाळाचे वजन केले. आई निवांत असताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले, त्रास दिल्यावर ९९ ग्रॅम, आणि त्रास चालू असतानाच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिल्यावर १५३ ग्रॅम. दूध छातीत होतेच, ते उतरत नव्हते. प्रयोग एकाच आईवरचा होता, पण पुढे जपानमधील संशोधकांनी अनेक बाळंतिणींच्या रक्तातील ऑक्सिटोसिन मोजले, तेव्हा गोंगाटाने आणि मानसिक ताणाने त्याचे स्रवणे कमी होते असेच आढळले.

पान्हा अडला की गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. स्तनात साचून राहिलेले दूध शरीराला ‘आता कमी तयार कर’ असे कळवते, बाळ रडते, घरातले कुणी बाटली आणते, बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते आणि थोड्याच दिवसांत ‘हिला दूधच पुरत नाही’ हे म्हणणे खरे ठरते. ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल मातांच्या स्तनपानाचा विचार येथून सुरू करावा असे मला वाटते, कारण त्यांच्या बाबतीत बर्फाचे पाणी आणि विजेचे धक्के हा प्रयोगशाळेतला भाग नव्हता. दीडदोनशे वर्षे ते त्यांच्या जगण्याचाच भाग होते.

ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक हे त्या खंडाचे मूळ रहिवासी. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आहे आणि त्यांतले बहुसंख्य लोक दूरच्या वाळवंटी वस्त्यांत नव्हे, तर शहरांत आणि लहानमोठ्या गावांत राहतात. १७८८ मध्ये इंग्रजांची वसाहत होण्यापूर्वी, आणि अनेक भागांत त्यानंतरही बराच काळ, मूल दोनतीन वर्षे, कधी त्याहून अधिक अंगावर पीत असे. गरज पडली तर मावशी किंवा दुसरी एखादी लेकुरवाळी त्याला पाजत असे. बाळंतपण आणि त्यानंतरची शुश्रूषा हा संपूर्णपणे बायकांचा प्रांत होता आणि पुरुषांनी त्यात येणे अनुचित मानले जाई. खंडाच्या कोरड्या अंतर्भागात एरेमोफिला या झुडपाची पाने निखाऱ्यांवर टाकून निघणारा धूर बाळंतिणीला आणि बाळाला देत. रक्तस्राव थांबावा, दूध चांगले उतरावे आणि बाळ धडधाकट व्हावे हा त्यामागचा हेतू. ही पाने तापल्यावर जंतुनाशक गुण असलेली द्रव्ये बाहेर पडतात, असे अलीकडे ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी घेतलेल्या मराठी बाळंतिणीला या चालीरीतीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागणार नाही. झुडूप वेगळे असले, तरी बाळंतिणीला काही आठवडे कामातून सोडवून जाणत्या बायकांच्या हाती सोपवण्याची व्यवस्था दोन्हीकडे तीच.

ही व्यवस्था मोडली ती आपसूक नव्हे. मिशन आणि सरकारी वस्त्यांवर कुटुंबांना आणून ठेवण्यात आले, तेथे पीठ, साखर, चहा आणि पुढे दुधाची भुकटी शिध्यात मिळू लागली आणि मुलांची रवानगी वसतिगृहांत होऊ लागली. त्याहून भयंकर होते ते मुलांना, विशेषतः मिश्र वंशाच्या मुलांना, आईपासून कायद्याने हिरावून घेणे. १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांमागे एक ते दर तीन मुलांमागे एक या दरम्यान मुले अशी नेली गेली, असा अंदाज १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात दिला आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा त्यांनी लोर्ना नुंगाला फेजो यांची हकीकत सांगितली. टेनंट क्रीकजवळच्या या मुलीला साधारण चार वर्षांची असताना नेण्यात आले. सरकारी माणसे येतील या भीतीने मोठ्यांनी ओढ्याच्या काठात खड्डे खणून ठेवले होते, मुलांनी पळत जाऊन त्यांत लपायचे. तरीही ती सापडली, आणि तिची आई तिला पुन्हा कधीच दिसली नाही.

याच फेजो पुढे आरोग्यसेविका झाल्या आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात सुरू झालेल्या ‘सशक्त स्त्रिया, सशक्त बाळे, सशक्त संस्कृती’ या कार्यक्रमाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्याची मांडणी साधी होती. वस्तीतल्याच वयाने व मानाने मोठ्या बायकांनी गर्भार मुलींना हाताशी धरायचे, दवाखान्यात सोबत जायचे, काय खावे ते सांगायचे, परंपरेतले विधी करायचे आणि बाळ झाल्यावर अंगावर पाजताना शेजारी बसायचे. जिच्यापासून आई तोडली गेली तिनेच पुढच्या पिढीतल्या आयांभोवती आयाबायांचे कडे पुन्हा उभे केले, आणि स्तनपानाच्या संदर्भात एवढे नेमके काम मला तरी दुसरे माहीत नाही.

आजचे चित्र या इतिहासाशी जुळणारे आहे. दुर्गम भागातल्या ॲबोरिजिनल आया शहरांतल्या ॲबोरिजिनल आयांपेक्षा जास्त महिने अंगावर पाजतात. म्हणजे गरिबी तीव्र आणि दवाखाना दूर, पण आजी-मावशी जवळ आहेत, तेथे स्तनपान टिकून आहे. अर्थात दुर्गम भागातल्या आईपुढेही एक विचित्र अडचण आहे. गावात बाळंतपणाची सोय नसल्याने तिला तारखेच्या काही आठवडे आधीच विमानाने किंवा मोटारीने डार्विन, ॲलिस स्प्रिंग्ज अशा ठिकाणी नेऊन ठेवतात; वसतिगृहाच्या खोलीत, अनेकदा एकटी, परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसांमध्ये ती कळांची वाट पाहते. बाळ झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस थोडाच पण फार मोलाचा चीक येतो, मग दूध भरते. नेमक्या याच दिवसांत तिच्या उशाशी कुणी नसते. शिवाय बालकल्याण खात्याची धास्ती आजही आहे, कारण ॲबोरिजिनल मुले सरकारी ताब्यात जाण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे दहा पट आहे. ‘बाळ नीट पीत नाही’ असे परिचारिकेला सांगितले तर ते आपल्याविरुद्ध नोंदले जाईल असे जिला वाटते, ती मदत मागत नाही, गप्प राहून बाटली आणते.

स्तनपानाचे मोल सर्वच बाळांना आहे, मग या बाळांबद्दल एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर कानांत आहे. ॲबोरिजिनल मुलांमध्ये कान फुटण्याचे आणि वाहण्याचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. २००१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी आणि आसपासच्या दुर्गम वस्त्यांत सहा महिने ते अडीच वर्षे वयाची मुले तपासली, तेव्हा दर दहांपैकी नऊ मुलांना मधल्या कानाचा कोणता ना कोणता विकार निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ४ टक्क्यांहून अधिक मुलांचे कान सतत वाहत असतील तर ते तातडीचे संकट मानायचे असते; येथील कित्येक वस्त्या ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतात. ऐकू कमी आले की बोलणे लांबते, मग शाळेत मागे पडणे आले.

येथे दुधाचे काम कसे चालते हे पाहण्यासारखे आहे. आई ज्या घरात, ज्या धुळीत राहते तेथलेच जंतू तिच्या आतड्यांत आणि श्वासमार्गात पोहोचतात. त्यांना ओळखणाऱ्या पेशी तेथून निघून स्तनांत येतात आणि नेमक्या त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे दुधात सोडतात. बाळाच्या घशाच्या व आतड्याच्या अस्तरावर ही प्रतिपिंडे जंतूंना चिकटू देत नाहीत. दुधातल्या विशेष शर्करासाखळ्यांचे शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्या बाळाला पचत नाहीत. बाळाच्या आतड्यातल्या उपकारक बायफिडोजंतूंचे ते अन्न असते, आणि काही साखळ्या पेशींवरच्या खुणांसारख्या दिसत असल्याने रोगजंतू त्यांनाच चिकटून बाहेर पडतात. भुकटीच्या दुधात त्या घराच्या जंतूंची ओळख असणे शक्यच नाही. दाटीवाटीची घरे आणि पाण्याची टंचाई यांवर स्तनपान हा उपाय नाही, पण ती घरे सुधारेपर्यंत बाळाला मिळू शकणारे सर्वांत अचूक संरक्षण तेच आहे.

उपयोग कशाचा होतो याचा पुरावाही आता आहे. ब्रिस्बेनमध्ये २०१३ पासून दोन ॲबोरिजिनल आरोग्यसंस्था आणि मेटर मदर्स रुग्णालय मिळून एक सेवा चालवतात. गर्भारपणापासून बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत प्रत्येक आईसाठी ठरलेली एकच सुईण, सोबतीला ॲबोरिजिनल कुटुंबसेविका, वस्तीतले केंद्र, ने-आण करायला गाडी आणि निर्णयांत समाजाचाच अधिकार. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या सेवेतल्या मातांची बाळे दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यता नेहमीच्या सेवेतल्या मातांपेक्षा ३८ टक्क्यांनी कमी आढळली, आणि रुग्णालयातून घरी जाताना बाळाला केवळ अंगावरचेच दूध देणाऱ्या माता लक्षणीय जास्त होत्या. पर्थमधील ॲबोरिजिनल मातांच्या आधीच्या एका अभ्यासात, बाळाच्या वडिलांचा पाठिंबा आणि आईच्या आईचा कल या गोष्टी स्तनपान सुरू होण्याशी ठळकपणे जोडलेल्या दिसल्या होत्या. म्हणून पत्रक एकट्या आईच्या हाती देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बोलायचे ते घराशी बोलावे.

आणि बोलायचे ते कामाचे बोलावे. पहिल्या आठवड्यात घरी येणारी जाणती बाई पाहते ती अगदी साध्या गोष्टी : बाळाच्या तोंडात नुसते बोंड आहे की भोवतालचा काळसर भागही आहे, घोट गिळल्याचा आवाज येतो का, दिवसाकाठी पाच-सहा लंगोट चांगले ओले होतात का, रात्री पाजणे चुकत तर नाही. सिगारेट ओढणाऱ्या आयांचे प्रमाण या समाजात मोठे आहे, आणि निकोटिनने प्रोलॅक्टिन घटते, दूध कमी येते. तेवढ्यावरून ‘सिगारेट सुटत नसेल तर पाजू नकोस’ असे सांगणे मात्र चूक आहे, कारण तसे केल्याने धूर तसाच राहतो आणि संरक्षण तेवढे जाते. पाजण्याआधी न ओढता पाजून झाल्यावर, घराबाहेर जाऊन ओढावी आणि सुटेल तेवढी सोडावी, हा सल्ला आईला पाळता येतो. ज्या बाळाला सरकारी ताब्यात घेतले जाते, त्याच्या आईला रोजच्या भेटीत पाजू देण्याची आणि काढलेले दूध बाळापर्यंत पोहोचवण्याची सोय झाली पाहिजे. दूध आटायला काही दिवसच लागतात, आणि न्यायालयाच्या तारखा काही आठवड्यांनी पडतात.