दुखण्यातून उठणं: कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या काळाची पार्श्वभूमी

माझी मावशी निफाड तालुक्यातली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन, असं सगळं उरकून ती घरी आली तेव्हा मामांनी गावात पेढे वाटले. त्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षमण्यांची विरळणी सुरू झाली आणि तिच्या ध्यानात आलं, की उजवा हात मांडवापर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी तोच हात सुजायचा, बांगड्या रुतायच्या. फाइलवर तर सगळं ठीक लिहिलेलं. मग हे काय, हे विचारायचं कुणाला, तेच कळत नव्हतं.

आपल्याकडे माणूस दुखण्यातून ‘उठतो’. उठायला वेळ लागतो, हे आपल्या घरांना कधीपासून ठाऊक आहे. बाळंतिणीला सव्वा महिना, डिंकाचे-अळिवाचे लाडू, अंगाला तेल. टायफॉइडमधून उठलेल्याला पेज. कर्करोगातून उठणाऱ्यासाठी मात्र अशी कुठलीच रीत नव्हती, कारण त्यातून कुणी उठतं हेच फार थोड्यांनी पाहिलं होतं.

वैद्यकशास्त्राचंही तेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत तीच चालली. रुग्ण जगावी हा एकच हिशेब होता. हाताचं काय होईल हा प्रश्न दुय्यम. काखेतल्या या गाठी म्हणजे लसीका ग्रंथी. त्या काढल्या, की हातातल्या द्रवाचा निचरा अडू शकतो आणि सूज येऊ शकते. मावशीच्या बांगड्या रुतायच्या त्या यामुळे. तिची शस्त्रक्रिया हॉल्स्टेडच्या काळातली नव्हती, तरी काखेतल्या गाठी तिच्याही काढलेल्या होत्या.

शिवाय आजाराचं नावच घ्यायचं नाही, ही चाल फक्त आपली नव्हे. शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोग झाल्याचं न सांगण्याकडे होता. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत वारं एवढं फिरलं. ज्याला आजारच सांगितलेला नाही, त्याच्याशी आजारानंतरच्या आयुष्याबद्दल काय बोलणार? नाशकातल्या कितीतरी घरांत आजही ‘तो आजार’ एवढंच म्हणतात. ते प्रेमापोटी असतं हे मला मान्य आहे, पण उपचार संपल्यावर त्याच गप्पपणानं माणूस एकटा पडतो.

ही कोंडी आधी रुग्णांनीच फोडली. अमेरिकेत टेरेस लॅसर यांची १९५२ मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना रुग्णालयात जाऊन भेटू लागल्या, हाताचे व्यायाम दाखवू लागल्या. काही डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं हे काम आपलंसं केलं.

दुसरे फिट्झह्यू मलन. हे स्वतः डॉक्टर. १९७५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांना छातीत कर्करोग निघाला. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि या साऱ्या विषयाला नाव-गाव मिळालं. बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढायची कला आपल्याला साधली, पण काठावर आणल्यावर तो खोकत-धापा टाकत पडला असताना आपण निघून जातो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. उपचारांचा काळ, त्यानंतरचा धास्तीचा काळ आणि पुढचा दीर्घ काळ, असे तीन ऋतू त्यांनी मांडले. मधल्या ऋतूत प्रत्येक डोकेदुखीला ‘परत आला की काय’ ही धडकी असते. आमच्याकडे दर फेरतपासणीच्या आठवडाभर आधी मावशीची झोप उडायची.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००५ च्या अहवालानं याला व्यवहाराचं रूप दिलं: उपचार संपताना प्रत्येकाला त्याच्या उपचारांचा गोषवारा आणि पुढच्या काळजीचा आराखडा लेखी द्या. मला ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. लाल रंगाच्या केमोचा, म्हणजे डॉक्सोरुबिसिनचा, हृदयावर परिणाम वर्षानुवर्षांनीही दिसू शकतो आणि तो एकूण मात्रेवर अवलंबून असतो. म्हणून मात्रा लिहिलेली हवी. मानेला शेक घेतलेल्याची थायरॉइड पुढे मंदावू शकते, आणि घरचे म्हणत राहतात की अशक्तपणा अजून गेला नाही. जबड्याला शेक घेतलेल्याची दाढ काढण्याआधी दाताच्या डॉक्टरला ते माहीत असावंच लागतं, नाहीतर हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे कर्करोग जिथे इतके, तिथे हा एक कागद किती कामाचा!

आपल्याकडचा धागा परळहून सुरू होतो. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं आणि नाशिककरांच्या बोलीत ‘टाटाला नेलंय’ याचा एकच अर्थ झाला. १९७५ पासून पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी दादर गाठायचं, राहायला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. त्या धर्मशाळेत एकमेकांना दिलेला धीर हीच कित्येकांसाठी उपचारांनंतरची पहिली शुश्रूषा होती. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९९१ मध्ये टाटा रुग्णालयात कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी खास ‘उपचारोत्तर’ दवाखाना सुरू झाला. त्या मुलांची वाढ, शिक्षण, पुढे लग्न-संसार यांची विचारपूस तिथे होऊ लागली.

आता शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सारं नाशकातच होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी जीवनदायी योजना नाशिक जिल्ह्यात आली. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. खर्चाचा मोठा डोंगर त्यामुळे हलका झाला. पण परळच्या वाऱ्या टळल्या तशी धर्मशाळेतली ती सोबतही गेली, आणि तिची जागा घेणारं काही मला गावोगावी दिसत नाही.

मावशीला सगळ्यांनी बजावलं होतं, त्या हातानं काही उचलू नको. जगभर हाच सल्ला होता. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलल्यानं सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. नाशकातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मावशीला भिंतीवर बोटं चढवत नेण्यापासून सुरुवात करून दिली. रोज कुठवर पोचली तिथे ती खडूनं रेघ मारायची. तिसऱ्या हंगामाला ती विरळणीला गेली, दुपारपर्यंतच. माजघराच्या भिंतीवरच्या त्या रेघा मामांनी अजून पुसू दिलेल्या नाहीत.