कोरडी सुई कोरडी का?

पाठीत उसण भरली, मान धरली, की फिजिओथेरपिस्ट हल्ली सर्रास ‘ड्राय नीडलिंग करून बघू’ म्हणतात. पेशंट केसासारखी बारीक सुई बघतो आणि विचारतो, ‘म्हणजे ॲक्युपंक्चरच ना?’ ‘नाही’ हे उत्तर लगेच मिळतं. त्या ‘नाही’मागचा इतिहास मात्र बराच वाकडातिकडा आहे.

जुनं थोडक्यात. १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ हे नाव मिळालं. नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ दाह, पण स्नायूत तो कधी सापडला नाही. १९३८ मध्ये लंडनमध्ये निरोगी माणसांच्या स्नायूंत ६ टक्के मिठाचं पाणी टोचून पाहिलं, तेव्हा कळ टोचल्या जागेपासून दूर उमटली. दुखतं तिथंच दुखण्याचं मूळ असतं असं नाही, हा ट्रिगर पॉइंटचा, म्हणजे दाबल्यावर दूरवर कळ पाठवणाऱ्या स्नायूतल्या दुखऱ्या बिंदूचा, पाया तिथं पडला.

चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या एका डॉक्टरबाईंनी या ठिकाणी प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचायला सुरुवात केली. ज्यांना सुई नको त्यांच्यासाठी गार फवारा. स्नायू ताणून धरायचा, बाटली हातभर लांब ठेवायची आणि फवारा एकाच दिशेनं, समांतर पट्ट्यांत फिरवायचा. एकाच जागी रेंगाळलं तर कातडी गोठते आणि आतला स्नायूही गार पडून उलट आखडतो. सुरुवातीचा इथिल क्लोराइड पेट घेणारा होता. नंतर आलेला फवारा ओझोनचा थर वाचवण्याच्या नियमांत अडकला आणि तोही बदलावा लागला. १९८३ च्या त्यांच्या ग्रंथात अंगठ्यानं जोरात दाबून जागेचा रक्तपुरवठा तोडायचा सल्ला होता. १९९९ च्या आवृत्तीत तो मागे घेतला, कारण त्या जागी प्राणवायू आधीच कमी असतो हे मत तोवर रुजलं होतं. आता बोटाला अडथळा लागेपर्यंतच दाबायचं, तो सैल पडायची वाट बघायची, मग थोडं पुढं. तरीही दुखऱ्या जागेवर कोपर रोवून ‘सहन करा’ म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आता सुईकडे. १९७९ मध्ये प्रागमधून एक लेख आला. त्यात २४१ पेशंट होते आणि दुखऱ्या जागा ३१२. औषध न भरता नुसती सुई टोचली, तर जवळपास ८७ टक्के जागांचं दुखणं तिथल्या तिथं थांबलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा. लेखातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे: सगळ्यांत दुखरा बिंदू नेमका सापडला तरच गुण येतो. १९९४ मध्ये वरच्या ट्रपेझियसमध्ये, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूत, लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि कोरडी सुई समोरासमोर तपासली गेली. सुई लागताच स्नायूचा पट्टा झटक्यात थरकला, तर दोन्हींचा गुण सारखा. थरकलाच नाही, तर दोन्ही जवळपास वाया. फरक नंतरच्या ठणक्यात होता. कोरड्या सुईनंतर तो जास्त आणि जास्त काळ राहिला.

म्हणजे ‘कोरडी’ हा शब्द सिरिंजच्या जगातला. समोर ‘ओली’ सुई, औषध भरलेली, होती म्हणून ही कोरडी. सुई पोकळ, इंजेक्शनची होती तोवर ॲक्युपंक्चरवाल्यांची तक्रार नव्हती. पण बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपिस्टना औषध टोचायचा अधिकार नाही. पोकळ सुईचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी ०.२५ ते ०.३० मिलिमीटरची भरीव सुई उचलली. ती ॲक्युपंक्चरचीच. भांडण इथं पेटलं.

ॲक्युपंक्चरवाले म्हणतात, दाबल्यावर पेशंट ‘हां, इथंच’ म्हणतो त्या जागेला आमच्याकडे सातव्या शतकापासून ‘आ-शी’ बिंदू म्हणतात. नवीन काय केलंत? फिजिओ म्हणतात, आम्ही ऊर्जेच्या वाहिन्या मानत नाही, स्नायू आणि मज्जातंतू बघून टोचतो. १९७७ मध्ये दोन्हींचे बिंदू ७१ टक्के जुळतात असा हिशेब निघाला होता. २००३ मध्ये तोच हिशेब फेरतपासला, तेव्हा जुळणी बरीच विरळ निघाली. फिजिओंनी सुई टोचावी का, यावर कोर्टांतही एकमत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१४ मध्ये निकाल फिजिओंच्या विरोधात गेला, तर नॉर्थ कॅरोलिनात २०१८ मध्ये बाजूनं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा झाला, केंद्रानंही २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती मानलं. पेशंटचा तो प्रश्न इथंही आता नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

आमचा कल सांगायचा तर सिद्धान्ताच्या भांडणात फार दम नाही. ट्रिगर पॉइंट हीच वस्तू सर्वांना मान्य नाही. १९९२ मध्ये जाणकारांनी एकाच पेशंटला एकमेकांचं निदान न कळता तपासलं, तर ट्रिगर पॉइंट ज्यात असतो तो स्नायूचा ताठ पट्टा कुठं आहे यावरही त्यांचं नीट जमलं नाही. २०१५ मध्ये तर ही सगळी कल्पनाच मोडीत काढावी असा लेख आला. दम आहे तो किती तास शिकून सुई हातात घ्यायची, या मुद्द्यात. शनिवार-रविवारच्या कोर्सवर छातीजवळ सुई घालणं हा खरा धोका.

वरच्या ट्रपेझियसखाली फुप्फुसाचं टोक असतं. म्हणून स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून बरगड्यांपासून वर उचलायचा आणि सुई समोरच्या बोटाच्या दिशेनं न्यायची, सरळ खाली कधीच नाही. जाड अंगाच्या माणसात चिमटीत नुसती चरबी येते, हात फसतो तो तिथं. एक-दोन दिवसांचा ठणका चालतो. पण टोचल्यानंतर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा धाप लागली, तर शेकत बसू नये. थेट दवाखाना गाठायचा, सुई कुठं टोचली ते सांगायचं आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा.