सरद, वायंगण आणि खाजन : गोव्यात जमिनीचा कस कसा राखला गेला

जमिनीच्या कसाचा विषय निघाला की आज माती परीक्षण आणि खताची मात्रा यांपासून सुरुवात होते. गोव्यातील शेतकऱ्याने मात्र हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून मांडला. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर कोसळणारा पाऊस जांभ्या मातीतील चुना आणि पालाश धुऊन नेतो व माती आम्ल होत जाते, त्यामुळे वाहून गेलेले दरवर्षी भरून काढावेच लागते.

डोंगरउतारावर पूर्वी कुमेरी होत असे : झाडोरा तोडून जाळायचा, राखेवर नाचणी घ्यायची आणि मग ती जागा काही वर्षे मोकळी सोडायची. खाजन म्हणजे नदीकाठची सखल, खारी जमीन; तिच्याहून उंचावरच्या खेर जमिनीत सरद म्हणजे पावसाळी भात निघाले की पाणी असेल तिथे वायंगणाचे म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात आणि नसेल तिथे उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळीचा प्रकार), कुळीथ किंवा मिरची घेतात. अळसांद्याचे रोप हलकेच उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग आढळतो. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू त्यात असतात. शास्त्राने हे सांगण्याच्या कितीतरी आधी, तोणाकाच्या, म्हणजे कडधान्याच्या रस्सा भाजीच्या, ओढीने का होईना, फेरपालट साधली होती.

खाजनाची रीत याहून निराळी. मांडवी-जुवारीच्या काठची ही जमीन समुद्रसपाटीच्या जवळ किंवा तिच्याही खाली असल्याने मातीचे बांध आणि मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार यांवरच ती तगते. मानशीची लाकडी झडप भरतीच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते आणि पावसाने विरघळलेले मीठ शेताबाहेर जाऊ देते; उरलेला खारेपणा कोरगुट हे भात सोसते. बांधांची देखभाल गावकरी या गावच्या सामुदायिक संस्थेकडे असे, आणि तिचे रिवाज पोर्तुगीज अधिकारी आफोन्सू मेशिया याच्या १५२६ च्या सनदेत नोंदले गेले होते.

पोर्तुगीज सत्ता गेल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. कसणाऱ्याला जमीन मिळणे न्याय्यच होते, परंतु बांध हा एकट्याचा नसतो, आणि तो एकदा फुटला की शेजारच्या दहा जणांच्या शेतातही खारे पाणी शिरते. त्याच काळात जया, ज्योती ही सुधारित भाते आणि युरिया आला. अनेक खाजने पुढे पडीक राहिली, तर काहींत भाताऐवजी मत्स्यपालन सुरू झाले. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान' ही खार सोसणारी वाणे पुढे आणली, त्यांतील पहिली दोन कोरगुटमधूनच निवडलेली आहेत.